आधी मोजा, मग ताणा : महाविद्यालयीन जलतरणपटूंच्या खांद्यांविषयी खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांची क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळे,
महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक
आणि विद्यापीठ संघांचे जलतरण प्रशिक्षक यांस

विषय : जलतरण संघांतील खेळाडूंच्या खांद्यांची तपासणी, ताकदीचे व्यायाम आणि सराव शिबिरांचे नियोजन

सप्रेम नमस्कार.

मागण्या पत्राच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. आम्ही त्या वरच ठेवतो. जोडीदाराकडून खांदे ताणून घेण्याचा तलावाकाठचा प्रकार येत्या हंगामापासून बंद करा. संघात आलेल्या प्रत्येक मुलामुलीचे खांदे हंगामाच्या सुरुवातीला एकदा मोजा. आठवड्यातून तीनदा वीस-पंचवीस मिनिटांचा पाण्याबाहेरचा व्यायाम वेळापत्रकात छापून टाका. आणि स्पर्धेच्या तोंडावरच्या शिबिरात अंतर एकदम चौपट करू नका. यातल्या कशालाही नवा तलाव लागत नाही. लागणारं सामान जिमखान्याच्या किरकोळ खर्चात बसतं. पण कारण न समजता केलं तर याचंही कर्मकांड व्हायला वेळ लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहोत.

ताणण्याच्या त्या प्रकारापासून सुरुवात करू. जोडीदार मागे उभा राहतो, पोहणाऱ्याचे दोन्ही हात सरळ मागे धरतो आणि मनगटं एकमेकांना टेकेपर्यंत, कधी एकमेकांवरून जाईपर्यंत ओढतो. हात जितके मागे, तितका खांदा मोकळा, असा समज आहे. या ओढीत छातीचा स्नायू थोडाफार ताणला जातो, पण बराचसा ताण खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या आवरणावर आणि तिथल्या अस्थिबंधांवर येतो. खांद्याची खोबण मुळातच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात बशीत टेकवलेल्या लिंबासारखा असतो. त्याला जागेवर धरतात हे आवरण, अस्थिबंध आणि रोटेटर कफचे चार लहान स्नायू : सुप्रास्पायनॅटस, इन्फ्रास्पायनॅटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. वर्षानुवर्षं ओढून सैल झालेलं आवरण व्यायामानं पुन्हा घट्ट होत नाही. मग आवरणाचं कामही त्या चार स्नायूंच्या गळ्यात पडतं. ते थकले की गोळा प्रत्येक हातागणिक थोडा पुढे आणि वर सरकतो आणि सुप्रास्पायनॅटसची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, चिमटत राहते.

किती वेळा? ५० मीटरच्या एका लॅपला साधारण ४२ हात धरा. ५ किलोमीटरच्या सरावात १०० लॅप, म्हणजे ४२०० हात. एका खांद्याच्या वाट्याला २१००. आठवड्याचे सहा दिवस म्हटलं तर १२,६००. कुठल्याच फेकीच्या खेळात खांद्याला इतक्या आवर्तनांतून जावं लागत नाही. म्हणून पोहणाऱ्याच्या खांद्यात ताकदीइतकाच, किंबहुना जास्तच, प्रश्न दमाचा असतो.

'स्विमर्स शोल्डर' हे नाव वैद्यकीय लिखाणात १९७४ साली केनेडी आणि हॉकिन्स यांच्या लेखामुळे रुळलं. त्यानंतर बरीच वर्षं दोष खांद्याच्या ठेवणीला दिला जायचा. ऑस्ट्रेलियात ८० अव्वल तरुण जलतरणपटूंवर झालेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. त्यांतल्या ९१ टक्के जणांनी खांदा दुखत असल्याचं सांगितलं. ज्या ५२ जणांचं एमआरआय झालं, त्यांतल्या ६९ टक्क्यांच्या सुप्रास्पायनॅटस कंडरेत बिघाड होता आणि त्याचा संबंध आठवड्याला किती पोहणं होतं याच्याशी सापडला. म्हणजे खांदेदुखी हा नशिबाचा किंवा नाजूकपणाचा भाग नाही. सोसण्याची ताकद आणि अंगावर घातलेला भार यांचा हिशेब चुकला की ती येते.

लवचीकतेबद्दलही आकडे बोलके आहेत. ऑस्ट्रेलियातच ७४ स्पर्धात्मक जलतरणपटूंवर वर्षभर लक्ष ठेवून केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खांद्याची बाहेरच्या दिशेची फिरत, म्हणजे दंड बाहेरच्या बाजूला किती अंश वळतो ते, मोजली होती. ज्यांची फिरत ९३ अंशांहून कमी होती त्यांना दुखापतीचा धोका जास्त होता, आणि ज्यांची १०० अंश किंवा त्याहून अधिक होती त्यांनाही. मधला पट्टा जेमतेम सात अंशांचा. म्हणजे ताठ खांदा वाईट आणि फार मोकळाही वाईट. सगळ्या संघाला एका ओळीत उभं करून एकच ताण देणं म्हणजे काहींना हवं ते आणि काहींना नको ते एकाच डोसात देणं. १०० अंशांच्या पुढे गेलेल्या मुलीला आणखी ताणणारा प्रशिक्षक तिचं नुकसान करतो आहे, हे स्पष्ट म्हणायला हवं.

आता ताकद. पोहताना पाणी मागे ढकलण्याचं काम छातीचा मोठा स्नायू, पाठीचा रुंद स्नायू लॅटिसिमस आणि सबस्कॅप्युलॅरिस करतात. ते पोहूनच दणकट होतात. हात बाहेर फिरवणारे मागचे छोटे स्नायू तेवढ्या गतीनं वाढत नाहीत. त्यामुळे दर हंगामात पुढची बाजू जड आणि मागची हलकी होत जाते. शिवाय खांद्याच्या पात्याला बरगड्यांवर चिकटवून वर फिरवणारा स्नायू, सेरेटस अँटेरियर. १९९१ साली स्नायूंत बारीक तारा घालून फ्रीस्टाइलचा विद्युत-आलेख काढला गेला, तेव्हा दिसलं की सेरेटस आणि सबस्कॅप्युलॅरिस हे दोघं हाताच्या पूर्ण फेरीत कुठेच सुट्टी घेत नाहीत. दुखऱ्या खांद्यांच्या आलेखात पाणी ओढण्याच्या टप्प्यात सेरेटसचं काम घटलेलं होतं. सेरेटस दमला की पातं मागे पडतं, हात मात्र पुढे जातच राहतो, आणि पात्याच्या छपराखाली कंडरेला जागा उरत नाही. सरावाच्या शेवटच्या हजार मीटरमध्येच खांदा का दुखतो, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

मोजण्याबद्दल. दोन माणसं असली तर एका खेळाडूला पंधरा मिनिटं पुरतात. सामान : प्लॅस्टिकचा कोनमापक किंवा मोबाइलमधलं कोन दाखवणारं ॲप, मोजपट्टी, टॉवेल, एक-दोन किलोचे डंबेल आणि सामान तोलायचा डिजिटल हुक-काटा. ज्याचा खांदा त्या दिवशी दुखतो आहे, त्याच्यावर ताकदीची चाचणी करू नका.

पहिली पाहणी अंगच्या सैलपणाची. करंगळी ९० अंशांपलीकडे मागे वळते का, अंगठा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर आणि गुडघा १० अंशांहून जास्त उलटे जातात का. दोन्ही बाजूंचा प्रत्येकी एक गुण, असे आठ. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले तर नववा. पाच किंवा जास्त गुण म्हणजे सांधे मुळातच सैल. या मुलांच्या नावापुढे लाल खूण करा : यांच्या खांद्याला ताण नाही, फक्त ताकद.

मग फिरत. खेळाडू पाठीवर, दंड शरीराशी काटकोनात, कोपर काटकोनात, दंडाखाली घडी घातलेला टॉवेल. एक जण खांद्याचा पुढचा भाग हलकेच दाबून धरतो, म्हणजे पातं उचलून चोरी होत नाही. हात मागे, डोक्याच्या दिशेला जाऊ द्या. जोर लावू नका. तो झाला बाहेरचा कोन. पुढे, पोटाच्या दिशेला नेला की आतला कोन. दोन्ही बाजू लिहा आणि दोन्ही कोनांची बेरीजही लिहा. इथली नेहमीची चूक म्हणजे पाठीची कमान होऊ देणं. त्यात दहा अंश फुकटचे मिळतात आणि नोंद खोटी ठरते.

त्याच स्थितीत गुडघे उभे करून, कंबर जमिनीला चिकटवून दोन्ही हात अंगठे वर करून डोक्यामागे न्यायला सांगा. हात जमिनीपर्यंत पोचत नाहीत किंवा पोचताना बरगड्या वर येतात, तर लॅटिसिमस आखूड आहे. नंतर हात बाजूला सोडून झोपलेल्या खेळाडूच्या खांद्याचा मागचा कोपरा जमिनीपासून किती वर राहतो ते सेंटीमीटरमध्ये मोजा. हे पेक्टोरॅलिस मायनरचं, म्हणजे छातीच्या लहान स्नायूचं, मोजमाप. याच्या एका आकड्यावर निकाल देऊ नका. डाव्या-उजव्यातला फरक आणि दोन महिन्यांतला बदल बघा. दिवसभर लॅपटॉप, जर्नल आणि दुचाकीचं हँडल यांवर ओणवं राहणाऱ्या मुलांत हा स्नायू आखडलेला सापडणं नवलाचं नाही, आणि त्याचा दोष तलावाला देता येत नाही.

ताकदीसाठी हुक-काटा भिंतीतल्या पक्क्या हुकाला कोपराच्या उंचीवर बांधा, दुसऱ्या टोकाला मनगटाचा पट्टा. कोपर काटकोनात, कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेल. दोन सेकंदांत जोर वाढवत नेऊन तीन सेकंद धरायचं. झटका द्यायचा नाही. तीन प्रयत्न, मध्ये अर्धा मिनिट, सरासरी लिहा. एकदा हात बाहेर फिरवण्याचा जोर, एकदा आत. बाहेरचा जोर आतल्याच्या किमान ७५ टक्के असावा, ही आमची कामचलाऊ मर्यादा. आतला १६ किलो आणि बाहेरचा १० भरला तर ६२ टक्के. हा खांदा कामाच्या यादीत. डाव्या-उजव्यात १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तरीही यादीत. या जुगाडातून मिळणारे आकडे प्रयोगशाळेच्या यंत्राशी ताडू नका. त्याच काट्यावर, त्याच हुकावर, त्याच खेळाडूचे आकडे महिन्यानं पुन्हा बघा. उपयोग तेवढाच आहे आणि तो पुष्कळ आहे.

दमाची चाचणी : बाकावर पालथं झोपून हात खाली सोडायचा, हातात शरीराच्या वजनाच्या २ टक्के वजन (६० किलोच्या खेळाडूला १.२ किलो, पाण्याची बाटली भरून चालते), आणि हात सरळ ठेवून बाजूला खांद्याच्या पातळीपर्यंत उचलायचा, दोन सेकंदांत एक फेरी या लयीत. लय तुटली किंवा पातळी गाठता येईना की थांबायचं. किती फेऱ्या झाल्या ते लिहा. खूप वजन उचलणारी मुलं इथे लवकर गळतात, हे एकदा त्यांनी स्वतः बघितलं की पुढचे व्यायाम करायला वेगळी समजूत घालावी लागत नाही.

व्यायामांची यादी आम्ही मुद्दाम छोटी ठेवतो. वीस व्यायामांचं तक्ते-पत्रक भिंतीवर राहतं. पाच असतील तर होतात.

सेरेटससाठी पुश-अप प्लस : नेहमीच्या पुश-अपच्या वरच्या टोकाला कोपरं सरळ ठेवून पाठीचा वरचा भाग आणखी छताकडे ढकलायचा, दोन सेकंद थांबायचं. १२ ते १५ चे तीन सेट. कंबर झोळीसारखी लोंबत असेल तर गुडघ्यांवर किंवा भिंतीला टेकून. सर्वसाधारण चूक म्हणजे मान पुढे काढून 'प्लस' झाल्याचं समाधान मानणं.

मागच्या छोट्या स्नायूंसाठी कुशीवर झोपून बाहेरची फिरत : वरचा हात, कोपर काटकोनात, कोपराखाली टॉवेल, १ ते ३ किलोचं डंबेल. वर एका सेकंदात, खाली तीन सेकंदांत. १५ चे तीन सेट. मुलगे इथे हमखास पाच किलो उचलतात आणि मग धड वळवून वजन फेकतात; तेव्हा काम कमरेचं होतं, खांद्याचं नाही. टॉवेल खाली पडला तर ती फेरी मोजायची नाही, हा नियम पुरतो.

ट्रॅपिझियस या मान-पाठीच्या स्नायूच्या खालच्या भागासाठी पालथं झोपून 'वाय' : हात डोक्याच्या पुढे तिरके, अंगठे छताकडे, आधी पाती खाली सरकवायची आणि मग हात उचलायचे. सुरुवातीला रिकाम्या हातानं, पुढे एक ते दोन किलो. १० ते १२ चे तीन सेट. खांदे कानांकडे गेले तर वजन कमी करा.

ओढीसाठी रबरी बँडनं किंवा डंबेलनं रोइंग (कोपर मागे नेत शरीराकडे ओढणं), १० ते १२ चे तीन सेट. इथे एक सल्ला : जिममध्ये गेलं की पोहणाऱ्यांना लॅट पुल-डाउन आणि बेंच प्रेसच सुचतं. दोन्ही वाईट नाहीत, पण ती पुढचीच बाजू आहे जी पाण्यात रोज राबते. छातीकडचा एक सेट केला की मागच्या बाजूचे दोन, हे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सोडू नका.

पाचवा व्यायाम खांद्याचा नाहीच. साइड प्लँक, दोन्ही बाजूंना ३० ते ४५ सेकंद, तीनदा. फ्रीस्टाइलमध्ये शरीर लांबीच्या अक्षावर वळायला हवं. कंबर-पोट ढिलं असेल तर ते वळण खांद्याला हातानं भरून काढावं लागतं.

बँडचे रंग सहसा हलक्यापासून जडाकडे पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असे असतात. पंधरा फेऱ्यांच्या शेवटच्या दोन कष्टानं पण चुकीशिवाय झाल्या, तर बँड बरोबर. तीन सेटमध्ये सगळ्या पंधरा सहज झाल्या की पुढचा रंग. बँड भेगाळला की टाकून द्या. क्लोरीन आणि ऊन त्याला लवकर खातात.

वेळ कुठली, यावर मतभेद होतात. आमचं मत ठाम आहे : ताकदीचे व्यायाम पाण्यानंतर किंवा वेगळ्या वेळी. कफचे स्नायू आधीच थकवून मुलांना बटरफ्लायच्या सेटला उतरवणं म्हणजे दुखापतीला बोलावणं. पाण्याआधी फक्त जाग येण्यापुरतं : हात गोल फिरवणं, हलक्या बँडची दहा-दहाची दोन आवर्तनं, पाठीचा वरचा भाग डावी-उजवीकडे वळवणं. पाच मिनिटं. एकाच स्नायूला मिनिटाहून जास्त वेळ स्थिर ताण दिला की लगेचच्या ताकदीत घट येते, म्हणून लांब ताण स्टार्टच्या आधी नकोतच. महापालिकेच्या तलावांवर ४५ मिनिटांची बॅच असते, त्यातून महिलांची बॅच वेगळी आणि मोजकी. तिथे पाण्याचा प्रत्येक मिनिट मोलाचा असतो हे आम्ही जाणतो. म्हणूनच हा व्यायाम तलावाच्या वेळेतून कापू नका. तो महाविद्यालयाच्या जिमखान्यात, दुपारी, सतरंजीवर होतो.

ताण पूर्ण बंद करा असं आम्ही म्हणत नाही. मोजणीत जे आखूड निघेल तेच, ज्याचं निघेल त्यालाच. पेक्टोरॅलिस मायनरसाठी पाठीखाली लांब गुंडाळी (टॉवेलची चालते) ठेवून उताणं पडायचं, हात बाजूला सैल, कुणीतरी खांद्यांचे पुढचे उंचवटे हळू खाली दाबायचे. ताण छातीत जाणवला पाहिजे, खांद्याच्या सांध्यात नाही. लॅटिसिमससाठी गुडघ्यांवर बसून कोपरं बाकावर टेकवून छाती खाली सोडायची. पाठीचा वरचा भाग ताठ असेल तर त्याच गुंडाळीवर आडवं पडून मागे झुकणं. मागची बाजू घट्ट असेल, म्हणजे आतला कोन दुसऱ्या बाजूपेक्षा बराच कमी असेल, तर हात छातीवरून आडवा ओढणं. प्रत्येक ताण ३० सेकंद, दोन-तीनदा, सरावानंतर. हात सरळ मागे नेऊन वर उचलणं, दाराच्या चौकटीत सरळ हातानं पुढे झुकणं आणि जोडीदाराची ओढ, या तिन्ही गोष्टी यादीतून काढा.

पाण्यातल्या चुका प्रशिक्षकांना आमच्यापेक्षा जास्त दिसतात. खांद्याच्या दृष्टीनं महत्त्वाच्या तेवढ्याच सांगतो. फ्रीस्टाइलमध्ये अंगठा आधी पाण्यात घालणं : यात दंड आत फिरलेल्या स्थितीत वर असतो आणि कंडरा दाबली जाते. बोटांची टोकं आधी, तळवा खाली, हे सुरक्षित. हात डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडून पलीकडे पडणं हीसुद्धा तीच चूक. श्वास घेताना डोकं उचललं की पुढचा हात आधारासाठी खाली दाबला जातो. एकाच बाजूला श्वास घेणाऱ्यांचं दुखणं कुठल्या खांद्यात आहे हे विचारून बघा, मग सेटमध्ये बाजू बदलायला लावा. बॅकस्ट्रोकमध्ये हात डोक्यामागे मधल्या रेषेपलीकडे टेकत नाही ना, एवढं बघा. बटरफ्लायमध्ये शरीर वळत नाही, दोन्ही खांदे एकाच वेळी सगळं सोसतात. थकलेल्या खांद्यांनी लांब बटरफ्लाय करण्यात शिकण्यासारखं काही नसतं.

साधनांत पंजाला लावायचं पॅडल सगळ्यात धोक्याचं. हाताच्या पंजापेक्षा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर मोठं पुरे. ताटाएवढी पॅडल घालून पुल-बॉयसह (मांड्यांमध्ये धरायचा तरंगता ठोकळा) हजार मीटर ओढायला लावणं हा ताकदीचा व्यायाम वाटतो. प्रत्यक्षात पायांची मदत काढून घेऊन पूर्ण ओझं त्याच कंडरेवर टाकलेलं असतं. पॅडलसह अंतर एकूण सरावाच्या पाचव्या भागापुढे नको आणि पहिल्या चार आठवड्यांत अजिबात नको. किकबोर्ड निरुपद्रवी दिसतो, पण त्यावर हात सरळ पुढे टाकून अर्धा तास पाय मारताना खांदा त्याच अडचणीच्या कोनात अडकून राहतो. दुखऱ्या खांद्याला किकबोर्ड देणं ही विश्रांती नाही. त्याला हात बाजूला ठेवून पाठीवर किंवा कुशीवर पाय मारू द्या, फिन्स द्या.

आता मंडळांच्या थेट अखत्यारीतली गोष्ट : हंगामाची रचना. आपल्याकडे महाविद्यालयीन जलतरणपटू कसा घडतो ते आठवा. शाळेत जिल्हा-राज्य पातळीवर पोहणारा मुलगा दहावीनंतर कमी होतो, बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या वर्षात जवळजवळ थांबतो आणि प्रथम वर्षाला प्रवेश मिळताच जुन्या वेळांच्या भरवशावर संघात येतो. त्याचा दम महिन्याभरात परततो. कंडरा इतक्या लवकर तयार होत नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संघाच्या २००२ ते २००७ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सर्वाधिक इजा खांदा-दंडाच्या भागात आढळल्या आणि सर्वाधिक इजा झालेले खेळाडू पहिल्या वर्षाचे होते. तिथे मुलं शाळेतून सलग पोहत विद्यापीठात येतात. आपल्या प्रथम वर्षाच्या मुलांच्या पाठीशी तर एक-दोन वर्षांची खंडित पोहणी असते.

यावर आंतरविद्यापीठ स्पर्धेआधीचं शिबिर येतं. समजा मुलगी रोज २ किलोमीटर, आठवड्याला १२ किलोमीटर पोहते. शिबिरात सकाळ-संध्याकाळ ४-४ किलोमीटर, म्हणजे आठवड्याला ४८. सगळं फ्रीस्टाइल धरलं तर एका खांद्याची ५,००० आवर्तनं एकदम २०,००० वर जातात. आठवड्याला १५ टक्के वाढ धरली तर १२ चे २४ व्हायला पाच आठवडे लागतात, ४८ व्हायला दहा. १५ टक्के हा काही निसर्गनियम नाही, पण त्याच्या आसपास राहिलं तर खांदे सहसा कुरकुरत नाहीत. तेव्हा दोन आठवड्यांच्या शिबिरात मुलांना 'तयार' करता येत नाही; त्यात फक्त स्टार्ट, टर्न, रिलेची अदलाबदल आणि वेग यांवर काम होऊ शकतं. अंतर आधीच्या दोन-अडीच महिन्यांत महाविद्यालयातच वाढायला हवं, आणि त्यासाठी निवड चाचणी लवकर घ्यायला हवी. निवडीची तारीख आठ-दहा आठवडे मागे आणणं हा खर्च नसलेला निर्णय आहे. बालेवाडीसारखा ५० मीटरचा तलाव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही हे खरं. पण तारीख बदलायला तलाव लागत नाही.

खांदा दुखायला लागला तर काय? दहापैकी दोन-तीनपर्यंतची कुरकुर, जी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेली असते, तिच्यासह सराव चालू शकतो. चार किंवा जास्त, किंवा सकाळीही टिकणारी, असेल तर क्रमानं कमी करा : आधी पॅडल, मग बटरफ्लाय, मग किकबोर्ड, मग एकूण अंतर निम्मं. ताकदीचे व्यायाम दुखणार नाही इतक्या हलक्या वजनानं चालूच ठेवा. तीन आठवडे पूर्ण बसवून ठेवलेला खेळाडू परत येतो तेव्हा दुखणं थांबलेलं असतं, पण कंडरा आणखी कमकुवत झालेली असते. दोन आठवड्यांत उतार नसेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, हात बधिर होत असेल किंवा खांदा निसटल्यासारखा वाटत असेल तर डॉक्टर. दंड अचानक सुजून निळसर दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय. शिरेत गुठळी झालेली असू शकते आणि वारंवार हात वर नेणाऱ्या खेळाडूंत ती होते.

सरावाआधी वेदनाशामक गोळी घेऊन उतरण्याची सवय दिसली तर तिथेच थांबवा. त्या गोळीनं खांदा बरा होत नाही, फक्त खेळाडूला मर्यादा कळेनाशी होते. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाबाबत तर आणखी एक अडचण आहे. १ जानेवारी २०२२ पासून जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या नियमांनुसार स्पर्धाकाळात ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे याच प्रकारच्या स्टिरॉइडचं, कुठलंही इंजेक्शन, सांध्यात दिलेलंसुद्धा, निषिद्ध आहे. हा काळ स्पर्धेच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी सुरू होतो आणि औषध शरीरात त्याआधीपासून असू शकतं. मोठ्या विद्यापीठ स्पर्धांत नाडाची (राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेची) पथकं नमुने घेतात. गावातल्या डॉक्टरांनी भल्या हेतूनं दिलेलं इंजेक्शन मुलाच्या अंगाशी येऊ शकतं. म्हणून खेळाडूनं डॉक्टरांना आपण स्पर्धक आहोत हे सांगावं, औषधाचं नाव, मात्रा, तारीख लिहून घ्यावी आणि गरज असल्यास उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करावा. ही माहिती संघव्यवस्थापकाकडे असणं बंधनकारक करा.

माणूसबळ कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयं राज्यभर आहेत आणि त्यांच्या इंटर्नना अशा कामाचा अनुभव हवाच असतो. जवळच्या महाविद्यालयाशी एक साधा करार, हंगामात तीन भेटी : सुरुवातीला, सहा आठवड्यांनी आणि शिबिराच्या आधी. वीस जणांचा संघ दोन जोड्यांमध्ये अडीच तासांत मोजून होतो. नोंदी एका पानावर ठेवा आणि ते पान खेळाडूबरोबर महाविद्यालयातून विद्यापीठ संघात जाऊ द्या. आत्ता शिबिराच्या प्रशिक्षकाला समोरच्या खांद्याचा इतिहास ठाऊकच नसतो. त्या पानाचा उपयोग संघातून वगळण्यासाठी होणार नाही, हे परिपत्रकात लिहा. नाहीतर मुलं दुखणं लपवतील आणि मोजणी वाया जाईल.

पहिल्या मोजणीनंतर बारा आठवड्यांनी तेच आकडे पुन्हा घ्या. ज्या संघात बाहेरच्या फिरतीचा जोर आणि दमाच्या फेऱ्या वाढलेल्या नाहीत, तिथे व्यायाम कागदावर झालेला आहे असं समजा आणि शारीरिक शिक्षण संचालकांना विचारा.

मोजणीच्या पानाचा नमुना, पाच व्यायामांचा तक्ता आणि हुक-काटा बांधण्याची पद्धत आम्ही कुठल्याही महाविद्यालयाला येऊन दाखवू. त्याचं मानधन नको. जिमखान्यात सतरंजी आणि भिंतीत एक पक्का हुक तेवढा असू द्या.

आपले,
महाविद्यालयीन जलतरणपटूंबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट आणि व्यायाम प्रशिक्षक